वजिराचा दीर्घकालीन बळी आणि इंजिनचा आकडा: तपासणीची पूर्ण रीत

बुद्धिबळात वजीर देऊन चार चालींत मात होत असेल तर त्यात तपासण्यासारखे काही नसते. कुठलेही इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) ती मात क्षणात दाखवते. खरी अडचण येते ती वजिराच्या बदल्यात दोन हलकी मोहरी (उंट किंवा घोडे), एक भक्कम घर आणि 'पुढे काहीतरी होईल' एवढेच हाती असते तेव्हा. अशा ठिकाणी इंजिन आधी −१.८ दाखवते (उणे म्हणजे वजीर देणारा मागे), मग −०.९, मग ०.००, आणि पाहणाऱ्याला नेमका कोणता आकडा खरा मानायचा ते कळत नाही. एकटा कुठलाच आकडा खरा मानू नये. तो कुठून कुठे सरकला आणि का सरकला, हे वाचता आले पाहिजे. त्याचीच रीत इथे एका प्रत्यक्ष डावावर दाखवली आहे.

नमुन्याची स्थिती

डाव नेझ्मेतदिनोव विरुद्ध चेर्निकोव, रोस्तोव-ऑन-डॉन, १९६२. सिसिलियन बचाव. इंजिनात चाली अशा भरा:

१. ई४ सी५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. डी४ सी×डी४ ४. घोडा×डी४ जी६ ५. घोडा सी३ उंट जी७ ६. उंट ई३ घोडा एफ६ ७. उंट सी४ कॅसलिंग ८. उंट बी३ घोडा जी४ ९. वजीर×जी४ घोडा×डी४ १०. वजीर एच४ वजीर ए५ ११. कॅसलिंग उंट एफ६.

काळ्याचा उंट वजिरावर आला आहे. पांढऱ्याने वजीर एच६ वर नेला तर उंट जी७, मग वजीर परत एच४, उंट परत एफ६, म्हणजे पुनरावृत्तीने बरोबरी. नेझ्मेतदिनोवने १२. वजीर×एफ६ खेळले. पुढे घोडा ई२ शह, १३. घोडा×ई२ ई×एफ६. वजीर गेला, मिळाले एक उंट आणि एक घोडा. प्यादी दोन्हीकडे सात-सात. त्यानंतर पांढऱ्याने घोडा सी३, घोडा डी५, उंट डी४, ए१ च्या हत्तीच्या तीन चाली आणि उंट सी३ अशा सात शांत चाली केल्या, आणि पहिला ठोस फायदा, म्हणजे घोडा×एफ६, आला थेट २१ व्या चालीला. डाव पांढऱ्याने ३३ चालींत जिंकला.

वजीर दिल्यापासून पहिले प्यादे परत मिळेपर्यंत १९ अर्धचाली (एका बाजूची एक चाल म्हणजे एक अर्धचाल). हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

आधी कागदावर हिशेब

इंजिन सुरू करण्याआधी बळीची किंमत हाताने काढा. शाळेतल्या मापाने वजीर ९, हलके मोहरे ३. म्हणजे इथे तूट ३ प्याद्यांची. लॅरी कॉफमन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या मापाने वजीर ९¾, उंट आणि घोडा प्रत्येकी ३¼, उंटांच्या जोडीला ½ जादा. काळ्याची जोडी तुटली, पांढऱ्याची टिकली, म्हणून तूट २¾.

स्टॉकफिश या इंजिनच्या स्रोत-संहितेत मात्र वेगळेच आकडे आहेत: प्यादे २०८, घोडा ७८१, उंट ८२५, हत्ती १२७६, वजीर २५३८. हे आतले एकक आहे, पडद्यावर दिसणारे नव्हे. २५३८ मधून ८२५ आणि ७८१ वजा केले की उरतात ९३२, म्हणजे जवळपास साडेचार प्यादी. वजीर इतका महाग धरण्यामुळेच वजीर देणारी प्रत्येक चाल इंजिनच्या पहिल्या नजरेला फार वाईट दिसते.

तुलनेसाठी दुसरा प्रसिद्ध बळी घ्या: स्पास्की विरुद्ध ब्रॉन्स्टाइन, अ‍ॅम्स्टरडॅम, १९५६. किंग्ज इंडियनमध्ये काळ्याने वजीर देऊन दोन उंट आणि दोन प्यादी घेतली. स्टॉकफिशच्या मापाने तूट ४७२, सव्वादोन प्यादी. शाळेच्या मापाने फक्त १. दोन्ही 'वजिराचे बळी' म्हणून एकाच पंगतीत बसवले जातात, पण इंजिनच्या दृष्टीने एक दुसऱ्याच्या दुप्पट महाग आहे. आपण तपासत असलेला बळी किती महाग आहे ते आधी कळले, तर पुढचे आकडे वाचताना गोंधळ होत नाही.

शोधात बळी कुठे अडकतो

स्टॉकफिशसारखे इंजिन अल्फा-बीटा या शोधपद्धतीने शक्य चालींचे झाड उतरत जाते. सगळ्या चाली सारख्या खोल (म्हणजे सारख्याच अर्धचाली पुढेपर्यंत) तपासणे अशक्य असते, म्हणून छाटणी होते. वजिराचा बळी या छाटणीत चार ठिकाणी सापडतो.

पहिले ठिकाण मारामारीच्या हिशेबाचे. एखाद्या घरावर मोहरे मारले तर त्याच घरावरची अदलाबदल संपेपर्यंत काय हाती लागेल, एवढाच झटपट हिशेब इंजिन करते. एफ६ वर तो असा होतो: उंट मिळाला, वजीर गेला. बस्स. डी४ वरचा घोडाही पडणार आहे (१२... ई×एफ६ नंतर १३. उंट×डी४ आहेच), पण ते वेगळे घर, म्हणून या हिशेबात ते येत नाही. खरी तूट ३ ची असताना हिशेब ६ चा लागतो. परिणामी चाल 'तोट्याची मारामारी' ठरून क्रमवारीत शांत चालींच्याही मागे जाते, आणि खोली थोडी उरली असेल तर न पाहताच टाकली जाते.

दुसरे, उशिरा येणाऱ्या चालींची खोली कमी करणे. बळीनंतरच्या पांढऱ्याच्या सातही चाली शांत आहेत. क्रमवारीत त्या वर नसतील तर प्रत्येकीमागे एक-दोन किंवा जास्त पातळ्या कापल्या जातात. पडद्यावर खोली २८ लिहिलेली असते, पण या फांदीत इंजिन प्रत्यक्षात १९ अर्धचालींपर्यंत पोचलेले नसू शकते. 'खोली ३० ला तरी दिसायलाच हवे होते' ही तक्रार इथून जन्मते.

तिसरे ठिकाण सगळ्यात लबाड: पास देऊन पाहणे. ज्याची बाजू वर दिसते त्याने समजा एक चाल सोडून दिली, आणि तरीही कमी खोलीच्या शोधात तो वरच राहिला, तर ती फांदी तिथेच बंद होते. वजीर जास्त असलेला काळा चाल सोडतो, पांढरा आपला घोडा एक घर सरकवतो, तातडीची धमकी काही दिसत नाही, फांदी बंद. सावकाश वाढणारा मोबदला नेमका या कात्रीत सापडतो. झटपट हल्ल्याचा बळी सापडत नाही, कारण तिथे पास दिला की लगेच मार बसतो.

चौथे, पानांवरचा शोध. झाडाच्या टोकाला इंजिन फक्त मारामारीच्या चाली (आणि शहातून सुटका) संपेपर्यंत पाहते. शांत मोबदला तिथे दिसणारच नाही. तो दिसायचा असेल तर मूल्यमापन करणाऱ्या न्यूरल जाळ्याला स्थिती पाहताक्षणी कळायला हवा.

जाळ्याला काय कळते

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून मूल्यमापन एनएनयूई नावाच्या न्यूरल जाळ्याकडे गेले. मूळ कल्पना यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी मांडली होती. फेब्रुवारी २०२४ च्या १६.१ आवृत्तीपासून माणसाने हाताने लिहिलेले जुने नियम पूर्ण काढून टाकले. जुन्या पद्धतीत 'डी५ वरच्या घोड्याला इतके गुण, दुहेरी प्याद्याला इतके वजा' अशी बेरीज व्हायची आणि ती वजिराच्या तुटीपर्यंत क्वचितच पोचायची. जाळे बेरीज करत नाही. राजा कुठे आहे आणि त्या राजाच्या संदर्भात प्रत्येक मोहरे कुठे आहे, हे ते एकत्र पाहते. एफ६ वरचे दुहेरी प्यादे, जी८ वरचा राजा आणि काळ्या घरांचा उंट नसणे या तीन गोष्टींचा एकत्र परिणाम त्याला शिकता येतो.

जाळ्याच्या उत्तराचे दोन भाग असतात. एक भाग साहित्याचा (कोणते मोहरे कोणत्या घरात, त्याची थेट किंमत), दुसरा स्थितीचा. वजिराच्या बळीत हे दोन भाग उलट दिशांना ओढतात. १६ ते १७ या पिढीच्या स्टॉकफिशमध्ये दोन्ही भागांतला फरक 'गुंतागुंत' म्हणून मोजला जातो, आणि गुंतागुंत जितकी जास्त तितका अंतिम आकडा शून्याकडे थोडा दाबला जातो. म्हणजे इंजिन स्वतःच सांगते की इथे माझी खात्री कमी आहे. पडद्यावर मात्र ते दिसत नाही, फक्त एक गुळगुळीत आकडा दिसतो.

आणखी एक बारकावा. १६.१ पासून काही आवृत्त्यांत दोन जाळी आहेत, एक मोठे आणि एक छोटे. साहित्यातला फरक आतल्या एककात साधारण १,००० च्या वर गेला की वेळ वाचवण्यासाठी आधी छोट्या जाळ्याला विचारले जाते. त्याचे उत्तर शून्याजवळ आले तरच मोठे जाळे पुन्हा पाहते. आपल्या नमुन्यातले ९३२ या सीमेच्या जरा अलीकडे आहे. वजिराच्या बदल्यात एकच मोहरे घेतलेला बळी मात्र सीमेपलीकडे जातो, आणि तिथे छोट्या जाळ्याने 'हरलेच आहे' म्हटले तर मोठ्याला कोणी विचारतच नाही. अति महाग बळींबाबत इंजिन जास्त कठोर वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

पायरी १: तयारी

ब्राउझरमधले इंजिन या कामाला अपुरे पडते, त्याला मेमरी कमी मिळते. संगणकावर स्टॉकफिश उतरवा. थ्रेड्स म्हणजे एकूण कोअरमधून एक वजा. हॅश (आधीची उत्तरे साठवण्याची मेमरी) किमान १०२४ एमबी, जमल्यास ४०९६. डब्ल्यूडीएल दाखवण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे दर हजारात विजय-बरोबरी-पराभव असे तीन आकडे दिसतात. अंतिम भागासाठी सिझिजी टेबलबेस (कमी मोहऱ्यांच्या स्थितींची अचूक उत्तरे साठवलेला संच) हवाच: पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच १ जीबीच्या आत बसतो, सहाचा सुमारे १५० जीबी. सातचा सतरा टीबीच्या आसपास जातो, घरी त्याच्या नादी लागू नये.

पुढे दिलेल्या सगळ्या आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पायरी २: पायाभूत आकडा

११... उंट एफ६ नंतरची स्थिती घ्या, मल्टिपीव्ही (एकाच वेळी दाखवायच्या ओळींची संख्या) ४ ठेवा आणि १० कोटी नोड्स (तपासलेल्या स्थिती) होईपर्यंत चालू द्या. खोलीऐवजी नोड्स धरण्याचे कारण असे की खोलीचा अर्थ आवृत्तीनुसार बदलतो. चारही ओळी लिहून ठेवा. इथे पुनरावृत्तीची बरोबरी कायम उपलब्ध आहे, म्हणून बळीची तुलना ०.०० शी होणार. −०.३ आलेला बळी 'हरणारा' नसतो, बरोबरीपेक्षा किंचित कमी पसंत असतो. यादीत वजीर×एफ६ नसेल तर घाबरू नका, वरच्या छाटणीमुळे तसे होऊ शकते.

आकड्याच्या अर्थाबद्दल एक गोष्ट पक्की करा. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे 'एका प्याद्याची बढत' नव्हे. इंजिन स्वतःशी खेळले तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा तो अर्थ आहे. वजीर दिल्यावरचा −०.८ हा प्याद्यांत वाचला तर अर्थाचा अनर्थ होतो.

पायरी ३: चाल सक्तीने तपासायला लावा

'गो नोड्स १०००००००० सर्चमूव्हज एच४एफ६' ही आज्ञा द्या. आता मुळाशी दुसरी चालच नाही, त्यामुळे सगळे नोड्स बळीच्या खाली खर्च होतात. पटावर चाल करून मग विश्लेषण सुरू केले तरी चालते, पण तिथे चिन्हाची चूक हमखास होते. इंजिनचा मूळ आकडा ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने असतो. काही प्रोग्रॅम तो पांढऱ्याच्या बाजूने बदलून दाखवतात, काही नाही. आपला प्रोग्रॅम काय करतो ते एखाद्या उघड जिंकलेल्या स्थितीवर आधी तपासा.

पायरी २ आणि ३ मधल्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर बळी वाईट असण्यापेक्षा त्याला वेळ मिळाला नव्हता असे समजा.

पायरी ४: दोन भाग वेगळे पाहा

हे बहुतेक जण करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त इथेच कळते. टर्मिनलमध्ये स्टॉकफिश उघडा, १३... ई×एफ६ नंतरची स्थिती भरा आणि 'ईव्हल' लिहा. एक पट छापला जाईल. त्यात प्रत्येक मोहऱ्याखाली एक आकडा असतो: ते मोहरे उचलले तर मूल्यांकन किती बदलेल. त्याखालच्या तक्त्यात साहित्य, स्थिती आणि बेरीज असे स्तंभ असतात आणि मोहऱ्यांच्या संख्येनुसार आठ ओळी. आपल्या स्थितीत पटावर २५ मोहरी-प्यादी आहेत, म्हणून खालून दुसरी ओळ वापरली जाते. तिच्यापुढे तशी खूण असते.

पाहायचे काय? काळ्याच्या वजिराखालचा आकडा इतर साध्या स्थितीतल्या वजिराच्या आकड्याशी ताडून पाहा. तो कमी असेल तर जाळ्याला कळले आहे की ए५ वरच्या वजिराला काम नाही. मग हाच प्रयोग १४. घोडा सी३, १५. घोडा डी५, १६. उंट डी४ यांनंतर पुन्हा करा. साहित्याचा स्तंभ फारसा हलणार नाही. स्थितीचा स्तंभ प्रत्येक चालीला पांढऱ्याच्या बाजूने सरकतोय का, ते पाहायचे आहे. राजाला शह असताना ही आज्ञा उत्तर देत नाही, म्हणून १२... घोडा ई२ शह नंतर लगेच देऊ नका.

हा आकडा शोधाशिवायचा आहे. त्यावरून बळी बरोबर की चूक हे ठरवू नये. जाळ्याला मोबदला कळतोय की शोधाने तो उकरून काढावा लागतोय, एवढेच इथून घ्यायचे.

पायरी ५: पुढे चाला, मग मागे या

इंजिनने सुचवलेल्या मुख्य ओळीवर दोन-दोन अर्धचाली पुढे जा. प्रत्येक ठिकाणी एक ते दोन कोटी नोड्स द्या. अठरा-वीस अर्धचाली झाल्या की त्याच वाटेने मागे या, प्रत्येक थांब्यावर पुन्हा तेवढेच नोड्स देत. हॅश पुसू नका. 'यूसीआय न्यू गेम' ही आज्ञा मध्येच गेली की सगळी मेहनत वाया जाते, आणि काही प्रोग्रॅम ती गुपचूप पाठवतात. मागे येताना इंजिनला पुढच्या स्थितींची उत्तरे हॅशमध्ये सापडतात, म्हणून मुळाशी परतल्यावर येणारा आकडा पहिल्यापेक्षा बराच विश्वासार्ह असतो.

बचाव करणाऱ्याच्या जागी फक्त मुख्य ओळ पाहून भागत नाही. काळ्याच्या प्रत्येक वळणावर मल्टिपीव्ही ५ लावा. डावात चेर्निकोवने हत्ती ई८ वरून ई६ ला नेऊन एफ६ राखले. प्यादे परत देऊन सी८ वरचा उंट मोकळा करता येतो का? वजीर ए५ वरून आधीच मागे आणला तर? वजीर जास्त असलेल्या बाजूचा सर्वोत्तम बचाव बहुधा साहित्य परत देण्यात असतो, आणि असे परत देणेही बळीसारखेच छाटणीत अडकते. इंजिन दोन्ही बाजूंच्या बळींना सारखेच आंधळे असते हे विसरू नये.

पायरी ६: आकड्याची वाटचाल वाचा

पायरी ३ मध्ये दर दुप्पट नोड्सला आकडा लिहिला असेल (१ कोटी, २, ४, ८...), तर एक रेघ तयार होते.

रेघ सतत बळी देणाऱ्याच्या बाजूने चढत असेल आणि थांबलेली नसेल, तर शोध अजून मोबदल्यापर्यंत पोचतोय. आणखी वेळ द्या. आधी चढून मग उतरली, तर बचाव सापडला. त्या ओळीत काय बदलले ते पाहा, बहुधा साहित्य परत देण्याची एखादी चाल असते. ती खरेच खेळण्याजोगी असेल तर बळीचा निकाल तिथेच लागला.

तिसरा प्रकार फसवा आहे: रेघ −२ किंवा −३ वर सपाट, कितीही नोड्स द्या. याचे दोन अर्थ निघतात. एकतर बळी हरतोय, किंवा पुढे तटबंदी (फोडता न येणारी बचावाची रचना) आहे आणि इंजिनला ती ओळखता येत नाही. फरक करण्यासाठी ओळ तीस-चाळीस चाली पुढे न्या. वजीरवाल्याचा आकडा तेवढाच राहतो आणि पटावर काहीच घडत नाही, मोहरी फक्त इकडून तिकडे फिरतात, असे दिसले तर ती तटबंदी. पन्नास चालींच्या नियमाची मोजणी वाढते तसा स्टॉकफिश आकडा हळूहळू शून्याकडे ओढतो, तेही दिसेल. वजीरवाल्याकडे कोणते प्यादे पुढे ढकलून पट फोडता येतो, त्याची यादी हाताने करा. एकही मार्ग नसेल तर −२.५ ला काही अर्थ नाही.

प्यादी संपली की अंदाज बंद, टेबलबेस सुरू. वजिराविरुद्ध दोन घोडे बहुतांशी बरोबरी, वजिराविरुद्ध दोन उंट किंवा उंट-घोडा बहुतांशी वजिराचा विजय, अपवादाच्या तटबंद्या सोडून. म्हणून दोन हलकी मोहरी घेऊन केलेल्या बळीत प्यादी पटावर राहणे हाच बळी देणाऱ्याचा श्वास असतो. इंजिनने सुचवलेल्या ओळीत सगळी प्यादी मारली जात असतील तर शंका घ्या.

पायरी ७: लीलाला विचारा, पण कसे ते पाहून

लीला चेस झीरो हे मुक्त स्रोत इंजिन २०१८ पासून आहे, अल्फाझीरो या स्वतःशी खेळून शिकलेल्या प्रोग्रॅमच्या पद्धतीवर बांधलेले. 'लीलाला मोबदला जास्त कळतो' असे सर्रास म्हटले जाते. मूल्यमापनाच्या बाबतीत ते बरेचसे बरोबर. पण शोधात तिची स्वतःची अडचण आहे, आणि ती आकड्यांत मांडता येते.

प्रत्येक चालीला जाळे आधी एक पसंती देते (पॉलिसी). चालीला भेट द्यायची (म्हणजे ती तपासायची) की नाही ते दोन गोष्टींच्या बेरजेवर ठरते: आतापर्यंतचे सरासरी फळ, आणि कुतूहलाचा भाग. कुतूहल = स्थिरांक × पसंती × मूळ स्थितीच्या भेटींचे वर्गमूळ ÷ (१ + त्या चालीच्या भेटी). स्थिरांक १.७५ धरू. वजिराच्या बळीला पसंती मिळाली समजा ०.५ टक्का. न पाहिलेल्या चालीला लीला आधीच सुमारे ०.३३ चा दंड लावते. तो दंड भरून निघायला १.७५ × ०.००५ × वर्गमूळ सुमारे ०.३४ व्हायला हवे, म्हणजे साधारण १,५०० भेटींनंतर बळीला पहिली भेट मिळते. त्या भेटीत फळ इतर चालींपेक्षा ०.२ ने कमी आले, तर १०,००० भेटींपैकी बळीच्या वाट्याला येतात जेमतेम ३. दहा लाख भेटींतही चाळीस-पंचेचाळीस. चाळीस भेटींत १९ अर्धचालींची योजना उलगडत नाही.

उपाय तीन. 'व्हर्बोज मूव्ह स्टॅट्स' चालू करा म्हणजे प्रत्येक चालीच्या भेटी, पसंती आणि फळ वेगवेगळे दिसतात. फळ चांगले पण भेटी नगण्य असतील तर उत्तर अजून यायचे आहे. लीला शेवटी चाल निवडते ती भेटींच्या संख्येवर. दुसरे, पॉलिसी टेंपरेचर मूळच्या सुमारे १.४ वरून २ च्या आसपास न्या, म्हणजे पसंती पसरते. तिसरे आणि सगळ्यात साधे: पायरी ३ प्रमाणे चाल सक्तीची करा.

स्टॉकफिश −१ आणि लीला ०.०० म्हणत असेल तर सरासरी काढू नका. दोघींची मुख्य ओळ कुठे फुटते ते शोधा आणि त्या स्थितीवर दोघींना पुन्हा बसवा. आजच्या स्टॉकफिशचे जाळे मोठ्या प्रमाणात लीलाच्या डावांवरच शिकलेले आहे, त्यामुळे दोन इंजिने म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार असे समजणेही पूर्ण बरोबर नाही.

पायरी ८: मोबदला नेमका कशात आहे

पट संपादित करून एकेक आधार काढून घ्या. १३... ई×एफ६ नंतरच्या स्थितीत एफ६ चे प्यादे उचलून ई७ वर ठेवा आणि तेवढ्याच नोड्सनी मूल्यांकन करा. मग मूळ स्थितीत परत येऊन डी७ चे प्यादे डी६ वर ठेवा, म्हणजे सी८ चा उंट मोकळा होतो. मग एच७ चे प्यादे एच६ वर. ज्या बदलाने आकडा सर्वात जास्त कोसळतो, तिथे बळीचा पाया आहे. खेळाडूच्या दृष्टीने ही सगळ्यात मोलाची पायरी, कारण आपल्या डावात तशीच स्थिती आली पण तो एक आधार नसला, तर वजीर द्यायचा नाही हे इथून कळते. एका वेळी एकच बदल करा. दोन केले की कशाचा परिणाम ते समजत नाही.

पायरी ९: आपसात खेळवा

क्यूटचेससारख्या साधनाने बळीनंतरच्या स्थितीवरून इंजिनला स्वतःशी ४० डाव खेळवा. एकच थ्रेड आणि ठरावीक नोड्स ठेवले तर चाळीसही डाव चालीगणिक सारखेच निघतात आणि चाळीस डाव म्हणून मोजले जातात. ही चूक फार होते. म्हणून चालीमागे वेळ द्या (१० सेकंद पुरतात) आणि दोन किंवा अधिक थ्रेड्स वापरा. सारखे निघालेले डाव काढून टाका.

७० टक्के बरोबऱ्या असल्या तरी ४० डावांच्या गुणांत साधारण ८ टक्के मागेपुढे ही नुसत्या योगायोगाची मर्यादा आहे. ४६ टक्के गुण आले म्हणून बळी वाईट ठरत नाही. ३० आले तर मात्र विचार करा. हरलेले डाव उघडून पाहा: सगळे एकाच बचावामुळे हरले असतील तर पायरी ५ मध्ये ती चाल सुटली होती.

माणसासाठी वेगळा हिशेब

बळी तपासला जातो तो बहुधा प्रत्यक्ष पटावर खेळण्यासाठी, आणि समोर स्टॉकफिश बसलेले नसते. बचाव करणाऱ्याच्या पहिल्या आठ चालींवर मल्टिपीव्ही ५ लावून मोजा: बरोबरी किंवा बरे राखणाऱ्या चाली किती? आठपैकी सहा ठिकाणी एकच चाल टिकत असेल तर −०.५ चा बळीही समोरच्याला जड जातो. उलट प्रत्येक वेळी तीन-चार चाली चालत असतील, तर इंजिनने ०.०० दिले तरी व्यवहारात वजीरवाल्याचेच बरे. हीच मोजणी बळी देणाऱ्याच्या बाजूनेही करायची. नेझ्मेतदिनोवच्या स्थितीत पांढऱ्याच्या चाली सरळ आहेत: घोडा डी५ वर, उंट लांब कर्णावर, हत्ती राजाकडे. घड्याळात पाच मिनिटे उरली असताना त्या सापडतात, आणि डब्ल्यूडीएलच्या तिन्ही आकड्यांत याची नोंद कुठेच नसते.